पुडीचा पुडा झाला त्याची हकीकत

दिवाळीच्या अंकात तळणाला नावे ठेवू नयेत, हा शिष्टाचार मला ठाऊक आहे. ज्या घरात चार दिवस कढई शेगडीवरून खाली उतरलेली नाही, चकलीचा सोऱ्या दाबून ज्या हातांना रग लागली आहे, त्या घरातल्या माणसांना तेलाचे दोष ऐकवणारा मनुष्य अंगणातूनच परत धाडण्याच्या लायकीचा. म्हणून आधीच सांगून टाकतो, माझे भांडण चकलीशी नाही, कढईशी नाही आणि बटाट्याशी तर मुळीच नाही. मी सांगणार आहे ती एका मापाची हकीकत.

पदार्थ म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या लांबट फोडी. आपल्या उपाहारगृहांतून त्यांना फिंगर चिप्स म्हणत आले. आता मुले फ्रेंच फ्राईज म्हणतात. हे फ्रेंचपण तरी कितपत खरे? बेल्जियमचे लोक हा पदार्थ आमचाच म्हणून हक्क सांगतात, पॅरिसकर आपल्या पुलावरच्या फेरीवाल्यांचा दाखला देतात, आणि तंटा काही तुटत नाही. २००३ साली इराकच्या युद्धाला फ्रान्सने विरोध केला, तेव्हा रागावलेल्या अमेरिकन पुढाऱ्यांनी आपल्या कायदेमंडळाच्या उपाहारगृहात या फोडींचे नाव बदलून ‘फ्रीडम फ्राईज’ केले. चव अर्थात तीच राहिली. बटाटा स्वतः मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला, आणि आपल्याकडे तो पोर्तुगिजांमार्फत आला तो नावासकट. आपण ज्याला उपासाच्या पानात बिनदिक्कत जागा दिली, तो असा गलबतातून आलेला पाहुणा आहे. असो.

माझी हकीकत सुरू होते कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो या गावी. रिचर्ड आणि मॉरिस मॅकडॉनल्ड या दोघा भावांचे तेथे १९४० पासून उपाहारगृह होते. मोटारीत बसलेल्या गिऱ्हाइकाला जागेवर थाळी नेऊन देणाऱ्या मुली, काचेची भांडी, पदार्थांची लांबलचक यादी, असा सारा थाट. धंदा उत्तम चालला असतानाच १९४८ साली भावांनी तो बंद केला आणि थोड्याच दिवसांत नव्या रूपात उघडला. मुली गेल्या, भांडी गेली, यादीतले बहुतेक पदार्थ गेले. खिडकीशी यावे, पैसे टाकावेत, कागदात गुंडाळलेला जिन्नस घेऊन चालू लागावे. हॅम्बर्गर पंधरा सेंटला. त्याच्या जोडीला आधी बटाट्याच्या काचऱ्यांची पाकिटे होती. वर्षभरात त्यांची जागा गरम फ्राईजनी घेतली. किंमत दहा सेंट.

१९५४ साली दूध घुसळण्याची यंत्रे विकणारा रे क्रॉक नावाचा बावन्न वर्षांचा फिरता विक्रेता तेथे येऊन थडकला. त्याच्या डोळ्यांत भरल्या त्या या फोडी. भावांकडून परवाना घेऊन १९५५ च्या एप्रिलात त्याने शिकागोजवळ डे प्लेन्स येथे आपले दुकान थाटले, भावांची कृती अक्षरशः पाळली, आणि फोडी झाल्या मऊ, लिबलिबीत! पुढे उलगडा झाला तो असा. कॅलिफोर्नियात बटाटे जाळीच्या पिंपांतून उघड्यावर ठेवलेले असत. वाळवंटाकडचा कोरडा वारा त्यांना लागे, आणि काही दिवसांत त्यांच्यातली साखर कमी होऊन पिठूळपणा वाढे. शिकागोच्या तळघरात तो वारा कोठून येणार? क्रॉकने बटाट्यांवर विजेचे पंखे सोडले. शीतगृहातल्या बटाट्याचे वेफर तळताना लाल का होतात, हे ज्या गृहिणींनी पाहिले आहे, त्यांना हे शास्त्र मी वेगळे शिकवण्याची गरज नाही.

येथवरची गोष्ट मला मनापासून आवडते. एक मनुष्य बटाट्याच्या एका फोडीसाठी जिवाचे रान करतो, यात वाईट काय आहे? त्या काळी दुकानात बटाटे सोलायचे, कापायचे, धुवायचे आणि एकदा नव्हे, दोनदा तळायचे. घरी करायचे तर हाच खटाटोप, वर कढईभर उरलेले तेल. म्हणून तो पदार्थ सणासुदीचा राहिला. श्रम हेच त्याचे कुलूप होते.

ते कुलूप उघडले आयडाहो प्रांतातल्या जे. आर. सिम्प्लॉट या बटाट्याच्या व्यापाऱ्याने. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला वाळवलेले बटाटे पुरवून तो गबर झाला होता. त्याच्या कारखान्यातल्या रसायनशास्त्रज्ञाने अर्धवट तळून गोठवलेल्या फोडी सिद्ध केल्या. घरोघरी त्यांना फारशी मागणी आली नाही, पण क्रॉकशी बोलणे झाले आणि १९६६ पासून गोठवलेल्या फोडी त्याच्या दुकानांत जाऊ लागल्या. सोलणारे हात गेले, पंखे गेले. पिशवी फोडायची, तेलात सोडायची आणि काही मिनिटांत बाहेर काढायची. कच्चा माल स्वस्त, मजुरी नाममात्र. आता दुकानदाराला फोडी जास्त देण्यात तोटा उरला नाही, आणि येथूनच मापाची गोष्ट सुरू होते.

१९५५ साली त्या दुकानात फ्राईजचे माप एकच होते. त्या पुडीत सुमारे ६८ ग्रॅम फोडी, म्हणजे २१० च्या आसपास उष्मांक. लहान, मध्यम, मोठी असा भेदच नव्हता.

शिकागोत डेव्हिड वॉलरस्टीन नावाचे एक गृहस्थ होते. ते चित्रपटगृहांच्या एका साखळीचे व्यवस्थापक. तिकिटापेक्षा खरी कमाई मक्याच्या लाह्यांवर आणि शीतपेयांवर, हे त्यांना पक्के ठाऊक होते. एका प्रेक्षकाने एकाऐवजी दोन पुड्या घ्याव्यात म्हणून त्यांनी नाना उपाय केले, सवलती देऊन पाहिल्या, पण मनुष्य काही दुसरी पुडी घेईना. विचार करता करता त्यांच्या ध्यानात आले की, पोट भरले म्हणून लोक थांबत नाहीत. दुसरी पुडी मागितली तर आपण अधाशी दिसू, या लाजेने थांबतात. मग वॉलरस्टीन यांनी पुडीच मोठी केली. एक पुडी ती एकच पुडी, मग तिच्यात कितीही मावो! खप भराभर वाढला.

हेच वॉलरस्टीन १९६८ साली मॅकडॉनल्डच्या संचालक मंडळावर आले आणि फ्राईजचा मोठा पुडा काढा म्हणून क्रॉकच्या पाठीस लागले. क्रॉकचे म्हणणे साधे होते. ज्याला जास्त हव्यात त्याने दोन पुड्या घ्याव्यात. वॉलरस्टीन यांनी काय करावे? ते दुकानासमोर बसून गिऱ्हाइके न्याहाळू लागले. पुडी रिकामी झाली तरी माणसे तळाशी बोटे घालून मिठाचे कण आणि तुकडे टिपत होती. पण दुसरी घ्यायला उठत नव्हती. शेवटी क्रॉकने मान तुकवली आणि १९७२ साली मोठा पुडा आला.

वाचकहो, या प्रसंगापाशी मी बराच वेळ थांबलो. पैशाचे, यंत्राचे, जाहिरातीचे डावपेच आपण पुष्कळ ऐकतो. येथे एका हुशार माणसाने लाजेचा ठाव घेतला. आपली पंगत आठवून पाहा. वाढपी जिलबीचे ताट घेऊन येतो, यजमान आग्रह करतो, आपण पानावर आडवा हात धरतो. त्या हातामागे पोटाचा विचार असतो, शेजाऱ्याची लाज असते, क्वचित नुसता मानही असतो. आग्रहाने पोटे बिघडतात हे खरे, तरी प्रत्येक वाढीला एक प्रश्न विचारला जातो आणि त्याला नाही म्हणता येते. मोठ्या पुड्यात हा प्रश्नच कोणी विचारत नाही. दुसरी, तिसरी वाढ पहिलीच्या पोटात आधीच घालून ठेवलेली असते. आडवा हात धरायचा कोठे?

एकदा रस्ता सापडल्यावर पुडा थांबतो कशाला? ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून ‘सुपर साइज’ नावाचे माप आले. थोडे सेंट जास्त टाका आणि पुष्कळ घेऊन जा. त्या पुड्यात सुमारे २०० ग्रॅम फोडी आणि ६०० हून अधिक उष्मांक, म्हणजे १९५५ च्या पुडीच्या जवळजवळ तिप्पट. ती जुनी पुडीही गेली नाही बरे! साधारण तेवढेच माप अमेरिकेत आजही मिळते, फक्त त्याला आता ‘लहान’ म्हणतात, आणि लहान मागताना मोठ्या माणसाला उगाच संकोच वाटतो. लाज या टोकाची त्या टोकाला गेली.

सहावीच्या वर्गात वजने-मापे शिकवताना मी मुलांना विचारतो, एक म्हणजे किती? मुले हसतात. एक पोळी आजीच्या हातची आणि एक पोळी खानावळीतली सारखी असते का, असे विचारले म्हणजे मात्र विचारात पडतात. ही थट्टा नव्हे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातल्या बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली लहान मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन वर्षांच्या मुलांपुढे थोडे वाढले काय किंवा जास्त वाढले काय, ती आपल्या भुकेपुरतेच खात. पाच वर्षांची मुले मात्र जास्त वाढले की जास्त खात. म्हणजे पोटाचे ऐकायचे सोडून ताटाचे ऐकायला आपण दोन वर्षांत शिकतो, आणि तेही शाळेत नाव घालायच्या आधी! पुढे याच बाईंनी मोठ्या माणसांनाही पाहिले. दुप्पट वाढल्यावर ती सुमारे तीस टक्के जास्त खाऊन गेली.

आता प्रकृतीचे. १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात ८५ च्या आसपास उष्मांक असतात, तेवढ्याच फ्राईजमध्ये ३०० च्या वर. फोड तेलात पडली की तिच्यातले पाणी वाफ होऊन बाहेर पडते आणि बाहेर काढून निवताना ती अंगावरचे तेल शोषून घेते. फोड जितकी बारीक, तितके तेल जास्त. वर मीठ. २०२५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोन लाखांहून अधिक अमेरिकन लोकांची अनेक वर्षांची पाहणी प्रसिद्ध झाली. आठवड्यातून तीनदा फ्राईज खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका सुमारे वीस टक्क्यांनी जास्त आढळला. उकडलेल्या, भाजलेल्या वा कुस्करलेल्या बटाट्याच्या बाबतीत तसे ठळकपणे दिसले नाही. अशा पाहणीने कारण पक्के सिद्ध होत नाही, पण बटाट्याची निर्दोष सुटका व्हायला एवढा पुरावा मला पुरतो.

तेलाचा इतिहास तर स्वतंत्र लेखाचा विषय. पूर्वी या फोडी मुख्यतः गाईबैलांच्या चरबीत तळत. ओमाहा शहरच्या फिल सोकोलोफ या उद्योजकाला ऐन त्रेचाळिशीत हृदयविकाराचा झटका आला होता. त्याने पदरच्या पैशाने वर्तमानपत्रांतून पानपानभर जाहिराती देऊन या चरबीविरुद्ध रान उठवले. १९९० साली कंपनीने वनस्पती तेल पत्करले. पण त्या तेलांपैकी पुष्कळशी हायड्रोजन चढवून घट्ट केलेली असत, आणि त्यांतला ट्रान्स फॅट हृदयाला चरबीहूनही वाईट, असे पुढे दिसून आले. आगीतून फुफाट्यात! तेही नंतर काढावे लागले. शिवाय चरबी गेली तरी अमेरिकेतल्या फोडींत गोमांसापासून काढलेला स्वाद घालणे चालूच होते. २००१ साली हे उघड झाल्यावर तेथल्या हिंदू आणि शाकाहारी लोकांच्या वतीने दावा लागला, आणि दुसऱ्या वर्षी कंपनीने एक कोट डॉलर देऊन तो मिटवला. भारतातल्या फोडींत असे काही नाही, असे येथल्या कंपनीने परोपरीने सांगितले. तरी ठाण्याच्या दुकानावर जमाव चालून गेला आणि मोडतोड झालीच. त्या गदारोळात, माझ्या आठवणीप्रमाणे, पुड्याच्या आकाराबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

तो आकार गाजला २००४ साली, मॉर्गन स्परलॉक याच्या चित्रपटामुळे. तीस दिवस तिन्ही त्रिकाळ तेथलेच खाऊन त्याने आपले वजन सुमारे अकरा किलोंनी वाढवून दाखवले. त्याच वर्षी कंपनीने सुपर साइज बंद केले. यादी सुटसुटीत करतो आहोत, एवढेच तिने कारण दिले. स्परलॉकचा दाखला मी फारसा ताणणार नाही. आपण वर्षानुवर्षे दारू पीत होतो, हे त्याने २०१७ साली स्वतःच जाहीर केले. तेव्हा त्याच्या यकृताचे खापर सगळेच बटाट्यावर फोडता येत नाही. मापाची गोष्ट त्याच्यावाचूनही उभी राहते.

२०१८ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एरिक रिम नावाच्या प्राध्यापकांनी सुचवले की, जेवणाबरोबर हिरवा पाला आणि सहा फ्राईज मिळाल्या तर बरे. सहा पुड्या नव्हेत, सहा फोडी. अमेरिकेत त्यावर केवढी खिल्ली उडाली! सहा फोडी खाऊन थांबणारा मनुष्य जगात आहे का, असे लोक विचारू लागले. माझ्या घरी मी हा आकडा वाचून दाखवला. धाकटीने पुढ्यातल्या चकल्या मोजल्या, एक उचलून भावाच्या ताटलीत टाकली आणि उरलेल्या खात बसली.