'परवानगी नाही' असं नेमकं कोण म्हणतंय?

माझ्या पीएचडीतला एक कंटाळवाणा भाग म्हणजे लॅबमधल्या एका सर्व्हरला दोन नेटवर्कच्या मधे उभं करणं. एका बाजूला सेन्सर, दुसऱ्या बाजूला डेटा साठवणारं मशीन, आणि मधल्या सर्व्हरने इकडची पॅकेट तिकडे पोचवायची. थोडक्यात, त्याला छोटा राउटर करायचं. लिनक्समध्ये त्यासाठी 'आयपी फॉरवर्ड' या फाइलमधल्या ० चा १ करायचा आणि रूटिंग टेबलमध्ये मार्ग लिहायचा. पाच मिनिटांचं काम, मला दोन दिवस लागले.

त्या दोन दिवसांत तीन एरर आल्या: 'पर्मिशन डिनाइड', 'ऑपरेशन नॉट पर्मिटेड' आणि 'रीड-ओन्ली फाइल सिस्टीम'. आपण तिन्हींचा अर्थ एकच लावतो: परवानगी नाही, मग रूट व्हा आणि रेटा. मीही तेच करायचे. पण ही तीन कुलपं तीन वेगळ्या काळांत बसवली गेली आहेत, आणि कुठलं कुलूप अडलंय हे त्यांच्या इतिहासावरूनच कळतं.

आधी पहिली एरर. मी 'सुडो इको १' असं लिहून पुढे बाणाचं चिन्ह देऊन ते फाइलकडे वळवलं. सुडो लावूनही 'पर्मिशन डिनाइड'. असं का? बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीतच हा बाण होता. त्याचा नियम असा, की फाइल आधी शेल उघडतो आणि प्रोग्राम नंतर चालू होतो. सुडो आला साधारण १९८० मध्ये, न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो इथल्या विभागात. बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी तो लिहिला. तो उभा आहे रिचीच्याच 'सेटयूआयडी' या कल्पनेवर: प्रोग्राम चालवणारा कुणीही असो, तो चालतो फाइलच्या मालकाच्या अधिकाराने. या कल्पनेच्या पेटंटसाठी १९७३ मध्ये अर्ज झाला आणि १९७९ मध्ये ते मिळालं.

म्हणजे माझ्या ओळीत सुडोने अधिकार दिला तो 'इको'ला. फाइल उघडत होता माझा साधा शेल, आणि तो तर सुडो सुरू होण्याआधीच अडला! उपाय सोपा आहे: 'सुडो टी' वापरून लिहायचं किंवा सरळ 'सिस-सीटीएल'ला सांगायचं. आमच्याकडे एकाने सल्ला दिला होता, 'सीएचमॉड ७७७ मार'. तोही करून पाहिला. ही फाइल डिस्कवर नसतेच, कर्नल ती नुसती दाखवतो, आणि तिचे अधिकार तो रूटलाही बदलू देत नाही.

आता मुळात तिथे ० का असतो? १९८९ च्या आरएफसी ११२२ या इंटरनेटच्या नियमपत्रात स्पष्ट म्हटलंय, की एखाद्या साध्या मशीनमध्ये राउटरचं काम करायची सोय असेल तर ती मुळात बंदच असली पाहिजे. दोन नेटवर्कना जोडलेलं मशीन मालकाच्या नकळत पॅकेट पुढे ढकलू लागलं, तर आतलं नेटवर्क बाहेरच्याला आयतं उघडं पडतं.

दुसरी एरर मार्ग लिहिताना आली: 'ऑपरेशन नॉट पर्मिटेड'. हिचा क्रमांक १. 'पर्मिशन डिनाइड'चा १३. १९७९ च्या सातव्या युनिक्समध्ये याच १ क्रमांकाच्या एररचं नाव होतं 'नॉट ओनर', म्हणजे 'तुम्ही मालक नाही'. तेव्हाचा हिशोब फाइलचा मालक आणि सुपरयुजर असा दोघांपुरता होता. रूटिंग टेबलला कसला आलाय मालक? ते रूटकडेच राहिलं, आणि मार्ग बदलण्यापुरता अधिकार हवा असेल तरी सगळं घर ताब्यात द्यावं लागे.

जानेवारी १९९९ च्या लिनक्स २.२ ने रूटच्या अधिकाराचे तुकडे केले, ज्यांना केपेबिलिटी म्हणतात. मार्ग आणि इंटरफेस बदलायला 'नेट ॲडमिन', कच्ची पॅकेट पाठवायला 'नेट रॉ', १०२४ च्या खालचे पोर्ट घ्यायला 'नेट बाइंड सर्व्हिस'. पॉसिक्सच्या ज्या मसुद्यातून ही कल्पना आली तो पुढे मागे घेतला गेला, पण लिनक्समध्ये ती टिकली. तेव्हापासून कर्नल विचारतो, 'हे विशिष्ट काम करायचा अधिकार आहे का?'

म्हणूनच तिसरी एरर मला चक्रावून गेली. कंटेनरमध्ये मी रूट होते, तरी 'आयपी फॉरवर्ड'ला हात लावता येईना. डॉकर आला २०१३ मध्ये. त्यातला रूट नावाला रूट असतो: 'नेट ॲडमिन' त्याला आपणहून मिळत नाही आणि कर्नलच्या या फाइली त्याला फक्त वाचायला मिळतात. इथे सुडोचा उपयोग शून्य. कंटेनर सुरू करतानाच ती सेटिंग आणि तेवढी एक केपेबिलिटी बाहेरून द्यावी लागते.

एक पर्याय 'प्रिव्हिलेज्ड' मोडचा आहे. एक शब्द टाकला की सगळी कुलपं उघडतात. या वेळी मी तो टाळला, कारण गेल्या वर्षी मी सगळं रूट म्हणूनच चालवत होते. माझ्या स्क्रिप्टमध्ये एक व्हेरिएबल रिकामं राहिलं आणि सर्व्हरचा डीफॉल्ट मार्गच पुसला गेला. रात्रीचे अकरा वाजले होते, लॉगिन तुटलं, आणि खोलीची किल्ली दुसऱ्याकडे. त्याच सर्व्हरवरून माझ्या एका लॅबमैत्रिणीचं रात्रभराचं मोजमाप चालू होतं. सकाळी फाइल उघडली तर अकरानंतर काहीच नव्हतं. ती मला काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

त्या रात्री एखादी एरर आली असती तर बरं झालं असतं. पण मी रूट होते, त्यामुळे मला अडवायला कुणी उरलंच नव्हतं.

आता माझा कंटेनर फक्त 'नेट ॲडमिन' घेऊन त्याच्या स्वतःच्या नेटवर्कमध्ये चालतो. त्याने मार्ग पुसला तर त्याचाच पुसला जाईल. आणि एरर आली की मी आधी तिचा क्रमांक बघते: १, १३ की ३०? सुडो त्यानंतर.