अतिदक्षता विभागातील डायलिसिस : केव्हा आणि कोणते?

दादरा आणि नगर हवेली तसेच लगतच्या दक्षिण गुजरातमधील भातशेतीच्या पट्ट्यात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात. उंदीर वा जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून जंतू पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. आजार बळावला की कावीळ होते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. घोणस चावणे आणि रक्तातील जंतुसंसर्ग ही अशा विकाराची अन्य प्रमुख कारणे होत. सिल्वासातील श्री विनोबा भावे सिव्हिल रुग्णालयासारख्या ठिकाणी रुग्ण वेळेवर पोहोचणे म्हणूनच निर्णायक ठरते.

हा बिघाड बहुधा तात्पुरता असतो. मूळ आजारावर उपचार होऊन मूत्रपिंडे पूर्ववत होईपर्यंत डायलिसिस त्यांचे काम सांभाळते. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ मिलिग्रॅमने वाढणे, किंवा सलग सहा तास लघवी दर किलो वजनामागे ताशी अर्ध्या मिलिलिटरहून कमी होणे, ही निदानाची खूण मानली जाते.

केवळ क्रिएटिनिन वाढले म्हणून डायलिसिस तातडीने सुरू होत नाही. औषधांना न जुमानणारे वाढलेले पोटॅशियम, रक्तातील तीव्र आम्लता किंवा फुफ्फुसांत साचलेले पाणी असल्यास मात्र विलंब करता येत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ३,००० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सरसकट लवकर सुरुवात केल्याने मृत्यू घटले नाहीत. लेप्टोस्पायरोसिसच्या अत्यवस्थ रुग्णांत मात्र लवकर आणि दररोज केलेले डायलिसिस हितकारक ठरल्याचे ब्राझीलमधील अभ्यासात दिसले.

पद्धत रक्तदाबावरून ठरते. दाब स्थिर असल्यास तीन ते पाच तासांचे नेहमीचे डायलिसिस चालते. दाब खालावलेल्या रुग्णास ते सोसत नाही. तेथे सहा ते बारा तासांची संथ पद्धत किंवा चोवीस तास चालणारे अखंड रक्तशुद्धीकरण वापरतात. यंत्र उपलब्ध नसल्यास पोटात नळी घालून केलेले डायलिसिसही जीव वाचवू शकते.

लघवी कमी होताच रुग्णालय गाठावे, वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नयेत. बरे होऊन घरी परतलेल्या रुग्णाने तीन महिन्यांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासून घ्यावे, कारण काहींची मूत्रपिंडे पूर्णपणे सावरत नाहीत.