उंबरठ्याबाहेरील प्रार्थना

प्रार्थना ही धर्मसंस्थेची मिरास आहे काय? फ्रेंच तत्त्वचिंतक सिमॉन वेल (१९०९–१९४३) हिच्या चरित्रात या प्रश्नाचे विलक्षण उत्तर सापडते. पॅरिसमधील एका ज्यू, परंतु धर्माचाराविषयी उदासीन अशा कुटुंबात ती वाढली. पुढे ख्रिस्ताकडे तिचा ओढा वाढला. तथापि शब्दांच्या मोहिनीने मनाची फसगत होईल, या भयाने तिने वर्षानुवर्षे प्रार्थना टाळली.

१९४१ च्या उन्हाळ्यात तिने ख्रिस्ताने शिकविलेली प्रार्थना ग्रीक भाषेत मुखोद्गत केली आणि त्या शरदात द्राक्षमळ्यात मजुरी करीत असता ती वारंवार म्हटली. रोज सकाळी एकदा म्हणावयाची आणि चित्त किंचितही ढळल्यास पुन्हा आरंभापासून, असा तिचा नेम होता. तेथे पुरोहित नव्हता, वेदी नव्हती. निर्भेळ अवधान हेच तिच्या लेखी प्रार्थनेचे सार. त्याच सुमारास ती संस्कृत शिकत होती आणि गीतेचेही तिला प्रेम होते.

मार्सेय येथील धर्मगुरू पेरँ यांच्याशी तिचा स्नेह होता. परंतु १९४२ मधील पत्रांत तिने त्यांना बाप्तिस्म्यास नकार कळविला. या नकारामागे अहंकार नव्हता. चर्चबाहेर राहिलेल्या असंख्यांची, आणि तिला प्रिय असलेल्या कित्येक गोष्टींची, संगत सोडणे तिला अप्रामाणिकपणाचे वाटे.

प्रार्थनेचे शब्द तिने परंपरेकडून कृतज्ञतेने घेतले. ते उच्चारण्याची अनुज्ञा मात्र कोणाकडे मागितली नाही.