ओसरी : वर्ध्याच्या उन्हापावसातली मोकळी जागा

१९७८ च्या जानेवारीत सेवाग्राम येथे एक परिषद भरली होती. गरिबांच्या उपयोगी पडेल असे तंत्रज्ञान, हा तिचा विषय. उद्घाटनाचे भाषण इव्हान इलिच यांचे होते. इलिच यांचे नाव आपल्या वाचकांपैकी अनेकांना परिचित असेल. १९२६ साली व्हिएन्ना शहरी जन्मलेले, १९५१ मध्ये रोम येथे धर्मगुरुपदाची दीक्षा घेतलेले, न्यूयॉर्कमधील पोर्तो रिकन स्थलांतरितांच्या वस्तीत काम केलेले आणि १९६९ मध्ये धर्मगुरूच्या कामातून बाजूला झालेले हे विचारवंत. शाळा, दवाखाने आणि मोटारगाड्या यांवर त्यांनी केलेली टीका जगभर गाजली होती. भाषणाआधी ते बापू कुटीत जाऊन स्वस्थ बसले, आणि तेथे जे उमगले तेच त्यांनी परिषदेपुढे मांडले.

त्या कुटीत त्यांना सात प्रकारच्या जागा दिसल्या. पादत्राणे काढून मन तयार करण्याची जागा, मोठे कुटुंब मावेल असा मधला भाग, गांधीजींची बसून काम करण्याची जागा, पाहुण्याची खोली, आजाऱ्याची खोली, उघडी ओसरी आणि प्रशस्त न्हाणीघर. मंत्र्यांच्या बंगल्यात खोल्या पुष्कळ असतात. पण जागांचे असे एकमेकींशी जुळलेले नाते क्वचितच सापडते. या सात जागांपैकी एकीचा, म्हणजे ओसरीचा, विचार येथे करावयाचा आहे. वर्धा जिल्ह्याच्या हवेत ही जागा का निर्माण झाली, तिने काय सांभाळले आणि काय तिला सांभाळता आले नाही, हे पाहिले तर आपल्या स्वतःच्या घराकडेही जरा वेगळ्या दृष्टीने पाहता येईल.

या जागेला आपल्या भाषेत नावांची ददात नाही. देशावर ती ओसरी किंवा सोपा, कोकणात पडवी, तर वऱ्हाडाकडे सपरी किंवा छपरी. ‘व्हरांडा’ हा शब्द मात्र पोर्तुगिजांच्या हातचा. १४९८ साली वास्को द गामाने केलेल्या प्रवासाच्या वृत्तांतातही तो आढळतो. त्याचे मूळ इबेरियात की भारतात, याविषयी भाषापंडितांत जुना वाद आहे. शब्द कोठूनही आलेला असो, वस्तू मात्र येथे आधीपासूनच होती. इंग्रज अधिकाऱ्यांनी ती उचलली व मोठी केली. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला आणि १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवण्यात आले. अशा नव्या जिल्हाठाण्यांत साहेबांचे जे बंगले उभे राहिले, त्यांना चहूबाजूंनी व्हरांडे होते. तत्त्व शेतकऱ्याच्या छपरीचेच होते. फक्त माप साहेबाचे होते.

वर्ध्याच्या हवेचा स्वभाव दुहेरी आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि वाऱ्याची झुळूकही पोळते. जूनच्या मध्याला पाऊस आला की चित्र पालटते. वर्षाचा सुमारे हजार मिलिमीटर पाऊस बहुतांशी चार महिन्यांत पडतो. कापूस पिकवणारी काळी जमीन फुगते, हवा दमट होते आणि घाम अंगावर वाळत नाही. कोरड्या उन्हाळ्यात जाड भिंतीचे बंद घर बरे वाटते. दमट पावसाळ्यात तेच घर कोंदते. तेव्हा माणसाला डोक्यावर छप्पर हवे असते आणि अंगाला वाराही हवा असतो. या दोन्ही गरजा एका ठिकाणी भागवणारी जागा म्हणजे ओसरी.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याहून शेगावला आले. हेच शेगाव पुढे, १९४० मध्ये, सेवाग्राम झाले. जमनालाल बजाज या गावाचे मालगुजार. ब्रिटिश नौदलातील अधिकाऱ्याची कन्या मॅडलिन स्लेड, म्हणजे मीराबेन, त्यांच्याही आधी गावात राहून सेवेस लागल्या होत्या. काही दिवसांनी गांधीजी नंदी हिल्सला गेले आणि जूनच्या मध्याला परतले ते धो धो पावसात, चिखल तुडवीत. त्यांच्यासाठी उभारलेले पहिले घर, ‘आदि निवास’, तेव्हा नवेच होते. त्या एका घरात कुटुंब, सहकारी, पाहुणे आणि आजारी असे सारेच राहू लागले. अशी दाटी झाली की आतला दिवस ओसरीवर सरकतो. पुढे मीराबेनची झोपडी गांधीजींच्या वापरात आली आणि गरजेप्रमाणे वाढवली गेली. तीच आजची बापू कुटी.

या बांधणीमागे एक आग्रह होता. जानेवारी १९३७ मध्ये ‘हरिजन’मध्ये आदर्श खेड्याचे चित्र रेखाटताना गांधीजींनी लिहिले की घरांत पुरेसा उजेड व वारा असावा आणि ती पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या सामानातून बांधलेली असावीत. पाच मैलांच्या आत वर्ध्याजवळ काय मिळणार? माती, बांबू, लाकूड, शिंदीची पाने आणि कुंभाराची कवेलू. मातीच्या भिंतीचा मोठा शत्रू पाऊस. वरून पडणाऱ्या धारेपेक्षा जमिनीवर आपटून उडणारे शिंतोडे अधिक घातक, कारण ते भिंतीचा पायथा कुरतडतात. छपराचा पाखा पुढे ओढून खाली उतरवला आणि खांबांवर टेकवला की धार भिंतीपासून चार हात दूर पडते. म्हणजे ओसरी ही माणसाच्या सोयीची जागा होण्याआधी भिंतीची छत्री असते. उन्हाळ्यात तीच छत्री भिंतीवर ऊन पडू देत नाही, म्हणून आतली खोली उशिरा तापते.

हे काम दिसते तितके सोपे नाही. काळ्या मातीवर घातलेले जोते पावसाळ्यात उचलले जाते आणि उन्हाळ्यात खचते. जुन्या घराला नवी ओसरी जोडली तर दोन्ही जोती सारखी बसत नाहीत आणि सांध्यात भेग पडते. म्हणून जाणते गवंडी आधी काळी माती काढून मुरूम भरतात व चोपतात. दुसरी अडचण छपराच्या सांध्याची. नवे छप्पर जुन्या भिंतीला जेथे टेकते तेथेच पाणी मुरते. मूळ घराचा पाखा नव्या छपरावर पुरेसा पुढे आला पाहिजे, नाहीतर ओसरीने जे वाचवायचे तेच ती भिजवते. घर वाढवणे म्हणजे केवळ चार खांब रोवणे नव्हे, हे आजच्या सिमेंटच्या काळातही खरे आहे.

आणखी एक प्रश्न होता. त्याला मात्र छप्पर पुरेसे नव्हते. शेगाव हे हिवतापाचे गाव. सप्टेंबर १९३६ मध्ये स्वतः गांधीजींना हिवतापाने गाठले आणि त्यांना वर्ध्याच्या सरकारी रुग्णालयात न्यावे लागले. उघड्या ओसरीवर वारा येतो, शेजारी येतो, तसाच डासही येतो. मोकळेपणाचे गुणगान करताना हे विसरणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

डास आणि हिवताप यांचा संबंध तोवर जगाला ठाऊक झाला होता. १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या शरीरात हिवतापाचे जंतू सापडले. १९०० साली रोमजवळच्या ओस्तिया या दलदलीच्या भागात सॅम्बन आणि लो या दोन डॉक्टरांनी एक साधा प्रयोग केला. दारेखिडक्यांना बारीक जाळी लावलेल्या झोपडीत ते हिवतापाचे महिने राहिले. सूर्यास्तापूर्वी आत, सूर्योदयानंतर बाहेर, एवढाच नियम. आजूबाजूचे लोक तापाने फणफणले. हे दोघे ठणठणीत राहिले. पुढे पनामा कालव्याच्या कामावर, १९०४ नंतर, घरांच्या व्हरांड्यांना तांब्याच्या तारेची जाळी लावण्यात आली. कारण त्या दमट हवेत लोखंडाची जाळी गंजून जाई.

पनामातल्या या युक्तीत शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. इंचाला सोळा-अठरा तारा असलेली जाळी डास अडवते, पण वाराही बराच अडवते. लहान खिडकीला ती लावली की खोली कोंदते. सबंध ओसरीलाच लावली तर जाळीचे क्षेत्र इतके मोठे होते की वारा मंदावला तरी पुरेसा आत येतो. खिडकी बंद करण्यापेक्षा ओसरी जाळीबंद करणे दमट प्रदेशात श्रेयस्कर ठरते, त्याचे कारण हे. आपल्याकडे गरिबांच्या घरी बांबूच्या कामट्यांची जाळी आणि शिंदीची चटई यांनी ऊन, तिरपा पाऊस आणि नजर अडवली. डास अडवणे त्यांच्या आवाक्यात नव्हते. जेथे जुने ज्ञान थांबते तेथे नव्याची मदत घेण्यात कमीपणा नाही. गांधीजींच्या कुटीत टेलिफोनही होताच.

पाच मैलांच्या नियमालाही केवळ काटकसर म्हणून पाहू नये. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम करणारे अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा हे श्रद्धावान ख्रिस्ती होते. येशूच्या शिकवणुकीवर त्यांनी पुस्तकही लिहिले. वस्तू विकत घेताना ती कोणाच्या हातून आली, त्या माणसाचे काय झाले, याची जबाबदारी घेणाऱ्यावरही असते, हा त्यांच्या अर्थविचाराचा गाभा. या दृष्टीने ओसरीकडे पाहा. कवेलूचा पैसा कुंभाराकडे, तट्ट्यांचा बुरुडाकडे, खांबांचा सुताराकडे जातो. ओसरी बांधून होण्याआधीच तिच्यावर गावाचा थोडा हक्क निर्माण झालेला असतो.

हा हक्क पुढेही चालतो. ओसरी घराची असते, पण सर्वस्वी घरमालकाची नसते. दार न ठोठावता माणूस तेथवर येऊ शकतो. वाटसरू पाऊस थांबेपर्यंत टेकतो; ज्याला आत बोलावता येत नाही आणि परतही पाठवता येत नाही, त्याची तेथे सोय होते. अर्थात आपल्या समाजात ओसरीनेही भेद पाळले आहेत. कोणाला ओसरीपर्यंत आणि कोणाला अंगणापर्यंतच, हे जातीने ठरवले होते. म्हणूनच सेवाग्रामच्या घरात अस्पृश्य मानलेल्या माणसांना आतपर्यंत प्रवेश होता, आणि कुष्ठरोगाने ग्रासलेल्या परचुरे शास्त्रींसाठी आश्रमात स्वतंत्र कुटी उभी राहिली, हे महत्त्वाचे. ओसरीचा मोकळेपणा खांबांवर नव्हे, घरातल्यांच्या मनावर उभा असतो.

गांधीजींनी ऑगस्ट १९४६ मध्ये सेवाग्राम सोडले आणि मग ते परतले नाहीत. कुटी मात्र दर पावसाळ्यानंतर लिंपण मागत, दुरुस्ती मागत उभी आहे. मातीच्या घराचे हेच वैशिष्ट्य: माणसाचा हात फिरत राहिला तरच ते टिकते.

आज वसईत, वर्ध्यात, सर्वत्र ओसऱ्या बंद होत आहेत. आधी लोखंडी ग्रिल येते, मग सरकत्या काचा, मग आत यंत्राचा गारवा. कारणे खोटी नाहीत. चोरांचे भय आहे, डेंग्यू आहे, धूळ आहे आणि जागेची टंचाई आहे. ओसरीची खोली करणाऱ्याला दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही. तरीही हवामान बदललेले नाही. दमट दिवसांत काचेची खोली वीज गेली की तासाभरात नकोशी होते. पाखा पुढे घ्या, जाळी लावा, डास व पाऊस यांना खुशाल अडवा. पण एक बाक अशा ठिकाणी असू द्या की जेथे अनोळखी माणूस घंटी न वाजवता बसू शकेल. घर म्हणजे सामान ठेवण्याची जागा नव्हे, असे इलिच यांनी त्या झोपडीत बसून ओळखले. सामानाला ओसरी लागत नाही. ती लागते माणसांना, आणि त्यांतही अजून न आलेल्या माणसांना.