'पेन' : एका वेल्श शब्दाचा इतिहास

राज्ये बुडतात, राजधान्या ओस पडतात. परंतु रोजच्या बोलण्यातले साधे शब्द पुष्कळदा त्यांच्याहून दीर्घायुषी ठरतात. ब्रिटन बेटाच्या पश्चिमेस असलेल्या वेल्स देशाच्या भाषेतील 'पेन' हा असाच एक शब्द होय. त्याचा अर्थ मस्तक. इंग्रजी लेखणीशी त्याचे कोणतेही नाते नाही.

मस्तक हा देहाचा सर्वांत वरचा भाग; म्हणून 'पेन' म्हणजे शिखर. दक्षिण वेल्समधील सर्वोच्च शिखराचे नाव 'पेन-अ-वान' असून त्याची उंची ८८६ मीटर आहे. मराठीतील डोंगरमाथा किंवा घाटमाथा या शब्दांमागे हीच कल्पना आहे. मस्तक हे देहाचे टोकही असते. म्हणून पुलाच्या टोकाशी वसलेले गाव 'पेन-अ-बॉन्ट' झाले. वाढदिवस म्हणजे 'पेनब्लुइध', अर्थात वर्षाचे मस्तक; आणि नायक तो 'पेन्नाएथ'. मध्ययुगीन 'माबिनोगी' कथांतील ब्रान राजा नदीवर आडवा होतो आणि त्याचे सैन्य त्याच्या अंगावरून पार जाते. नायकाने सेतू व्हावे, या आशयाची वेल्श म्हण त्या प्रसंगातूनच रूढ झाली, आणि तिच्यात नायकासाठी योजलेला शब्द 'पेन' हाच आहे.

या शब्दाचे मूळ प्राचीन केल्टिक भाषेत आहे. तिच्यातील 'क्व' या ध्वनीचा वेल्श शाखेत 'प' झाला आणि आयरिश शाखेत 'क' राहिला. संस्कृत 'चत्वारः' आणि लॅटिन 'क्वात्तुओर' यांचे सगोत्र शब्द म्हणून जुन्या आयरिशमध्ये 'केथिर', तर वेल्शमध्ये 'पेदवर' असे आढळतात. त्याच न्यायाने वेल्श 'पेन' म्हणजे जुन्या आयरिशमधील 'केन'.

या भेदाचा साक्षीदार स्कॉटलंडमध्ये आहे. रोमनांनी इ. स. १४२च्या सुमारास तेथे अँटोनाइन तट बांधावयास घेतला. त्याच्या पूर्व टोकाजवळील स्थळाला पिक्ट लोक 'पेआनफाहेल' म्हणत, असे बीड या संन्यस्त इतिहासकाराने ७३१ मध्ये लिहून ठेवले. त्याचा अर्थ तटाचे टोक. पुढे तेथे आयरिश शाखेची गेलिक भाषा पसरली आणि 'प'च्या जागी 'क' आला. आज त्या स्थळाचे नाव किनील असे आहे. एका अक्षराच्या बदलात एका जनसमूहाच्या भाषेचा अस्त नोंदला गेला.

इंग्लंडमध्येही असे अवशेष आहेत. यॉर्कशरमधील पेन-ई-गेंट या डोंगराभोवती आज वेल्शची कोणतीही भगिनीभाषा बोलली जात नाही. कॉर्नवॉलमधील पेन्झान्स, म्हणजे पवित्र भूशिर, हे नाव टिकले. परंतु कॉर्निश भाषा अठराव्या शतकाच्या अखेरीस लोकव्यवहारातून लुप्त झाली. विसाव्या शतकात तिच्या पुनरुज्जीवनाचे प्रयत्न सुरू झाले.

वेल्शवरही हाच प्रसंग येऊ शकला असता. १५३६च्या कायद्याने न्यायालयांची भाषा केवळ इंग्रजी ठरली आणि वेल्श वापरणाऱ्यांस सरकारी अधिकारपदे बंद झाली. तथापि १५८८ मध्ये बिशप विल्यम मॉर्गन यांनी संपूर्ण बायबल वेल्शमध्ये आणले आणि भाषेला प्रौढ गद्याचा आधार मिळाला. २०११ मध्ये तिला वेल्समध्ये अधिकृत दर्जा लाभला.

मृत भाषेतील शब्द नकाशावर गोठून राहतो. जिवंत भाषेतील शब्द बोलणाऱ्यागणिक रूप पालटतो. वेल्श माणूस आजही 'माझे डोके' म्हणताना 'पेन'चे 'म्हेन' करतो, 'तुझे' म्हणताना 'बेन' आणि 'तिचे' म्हणताना 'फेन'. पेन्झान्सच्या पाटीवरील 'पेन' मात्र कधीच बदलत नाही.