जुन्या शिडाच्या होडीचे सुटे भाग बनविणे

जुन्या शिडाच्या होडीचे सुटे भाग बनविणे म्हणजे मूळ उत्पादकाकडून वा बाजारात मिळेनासा झालेला होडीचा भाग मूळ मापानुसार नव्याने घडविणे होय. विसाव्या शतकाच्या मध्यात तयार झालेल्या लहान होड्यांच्या (डिंगी) बाबतीत ही गरज विशेषत्वाने भासते. सुकाणू, सुकाणूचे बिजागर, डॅगरबोर्ड, डोलकाठी, तणाव्यांच्या पट्ट्या आणि कप्प्या हे असे वारंवार बदलावे लागणारे भाग आहेत. यांपैकी काही भाग निकामी झाल्यास होडी केवळ मंदावते. काही तुटल्यास डोलकाठी कोसळू शकते किंवा होडीचे नियंत्रण सुटते. त्यामुळे आकाराची नक्कल करण्यापूर्वी त्या भागावर कोणता भार येतो आणि जुना भाग का मोडला, हे ठरविणे आवश्यक असते.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर जलरोधक प्लायवुड आणि कृत्रिम गोंद सहज उपलब्ध झाल्याने ब्रिटनमध्ये घरी बांधता येणाऱ्या होड्यांची लाट आली. जॅक होल्ट यांनी १९५६ साली आराखडलेली ४.०४ मीटर लांबीची 'एंटरप्राइज' आणि होल्ट व बॅरी बकनेल यांनी १९६२ साली सिद्ध केलेली ३.३० मीटर लांबीची 'मिरर' ही त्याची ठळक उदाहरणे होत. मिररचे प्लायवुडचे तक्ते तांब्याच्या तारेने शिवून, सांध्यांवर काचतंतूंची पट्टी व रेझिन लावून जोडले जात. या पद्धतीमुळे सुतारकामाचे विशेष शिक्षण नसलेल्या व्यक्तींनाही होडी बांधणे शक्य झाले. मिरर वर्गाच्या ७०,००० हून अधिक होड्या तयार झाल्या. त्यांपैकी अनेकींचे सांगाडे आजही वापरण्याजोगे आहेत. परंतु त्यांवरील धातूचे व लाकडी भाग झिजलेले वा कुजलेले असतात.

मोजमाप व नमुना

तुटलेला भाग हाच सर्वात विश्वसनीय नमुना असतो, म्हणून त्याचे सर्व तुकडे जपून ठेवले जातात. ते जुळवून जाड कागदावर बाह्यरेषा काढली जाते व त्यावरून पुठ्ठ्याचा किंवा पातळ प्लायवुडचा साचा कापून तो प्रत्यक्ष होडीवर बसवून पाहिला जातो. खिळीच्या घर्षणाने भोक लांबट झालेले असल्यास त्याच्या न झिजलेल्या बाजूचे माप धरावे लागते. अन्यथा झीजही नव्या भागात उतरते.

जुन्या ब्रिटिश होड्यांची मापे इंचांत असल्याने आणखी एक अडचण येते. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. अशा भोकात ६ मिमीची खिळी घातल्यास ती सैल राहते, हादरे बसतात आणि भोक वेगाने मोठे होते. याउलट ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी असल्याने त्या भोकात ५ मिमीचा बोल्ट जात नाही.

लाकडी भाग

सुकाणूचे पाते व डॅगरबोर्ड यांसाठी सामान्यतः मरीन प्लायवुड वापरले जाते. ब्रिटनमध्ये त्यासाठी बीएस १०८८ हे, तर भारतात आयएस ७१० हे मानक आहे. पात्याच्या कडांना गोलाई देताना प्लायवुडचे थर उघडे पडतात आणि तेथूनच पाणी आत शिरते. म्हणून कडांवर इपॉक्सीचे एकाहून अधिक हात दिले जातात. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला साधारणपणे २० टक्क्यांहून अधिक ओलावा लागतो. त्यामुळे पाणी रोखणे हे कूज रोखणेच ठरते.

बोल्टचे भोक हे पाणी शिरण्याचे दुसरे ठिकाण होय. ते आधी मोठ्या मापाचे पाडून घट्ट केलेल्या इपॉक्सीने पूर्ण भरतात आणि इपॉक्सी कडक झाल्यावर त्यात योग्य मापाचे भोक पाडतात. यामुळे बोल्टचा लाकडाशी थेट संपर्क राहत नाही.

डोलकाठी व इतर काठ्यांसाठी हलके, सरळ रेषांचे स्प्रूस लाकूड पसंत केले जाते. मोडलेल्या काठीचा निकामी भाग कापून तिरप्या सांध्याने नवा तुकडा जोडता येतो. हा उतार प्लायवुडसाठी जाडीच्या सुमारे ८ पट, तर डोलकाठीसाठी १२ पटींपर्यंत लांब ठेवतात. म्हणजे १० मिमी जाडीच्या प्लायवुडला किमान ८० मिमीचा सांधा लागतो. सागवान टिकाऊ असले तरी जड व तेलकट असते. म्हणून ते चिकटविण्यापूर्वी पृष्ठभाग ॲसिटोनने पुसून घेतला जातो.

धातूचे भाग

धातूची निवड ही आकाराइतकीच महत्त्वाची असते. पितळेतील जस्त खाऱ्या पाण्यात हळूहळू निघून जाते आणि वरून शाबूत दिसणारा भाग आतून ठिसूळ होतो. त्यामुळे भार पेलणाऱ्या भागांसाठी पितळेऐवजी सिलिकॉन ब्राँझ किंवा ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील वापरतात. ३१६ पोलादात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने ते ३०४ दर्जापेक्षा क्षारांना अधिक तोंड देते. तरीही लाकडात गाडलेल्या, हवा न पोहोचणाऱ्या फटीत स्टेनलेस स्टीलही गंजते. म्हणून तणाव्यांच्या पट्ट्या केवळ बाहेरून पाहून चालत नाही. त्या काढून तपासाव्या लागतात.

ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर स्टेनलेस स्टीलचा भाग थेट बसविल्यास खारे पाणी दोन धातूंमध्ये विद्युत्-रासायनिक क्रिया घडविते आणि ॲल्युमिनियम झिजते. दोहोंमध्ये नायलॉनची चकती किंवा रोधक लेप ठेवून हे टाळता येते.

गुंतागुंतीचे भाग वाळूच्या साच्यात ओतून घेता येतात. वितळलेले ब्राँझ थंड होताना साधारण १.५ टक्के आकुंचन पावते. म्हणून लाकडी नमुना तेवढ्या प्रमाणात मोठा करतात. जुना तुटका भाग जसाच्या तसा साचा म्हणून वापरल्यास नवा भाग लहान निघतो.

त्रिमितीय मुद्रण

त्रिमितीय मुद्रणाने टोप्या, टेकू आणि ओतकामाचे नमुने कमी वेळात बनविता येतात. मात्र पीएलए हे प्रचलित प्लास्टिक सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ होते, आणि उन्हातील गडद रंगाचा पृष्ठभाग या तापमानाजवळ पोहोचू शकतो. उन्हाला टिकणारे एएसए हे प्लास्टिक त्यापेक्षा योग्य ठरते. मुद्रित भाग थरांच्या दिशेने सहज फाटत असल्याने डोलकाठीचा ताण घेणाऱ्या ठिकाणी त्यांचा वापर टाळला जातो.

वर्गनियम

शर्यतीत उतरणाऱ्या होडीचे भाग तिच्या वर्गाच्या नियमांत बसावे लागतात. मिरर वर्गात घरी होडी बांधण्याची परंपरा असल्याने मापांच्या मर्यादेत स्वतः बनविलेले भाग चालतात. याउलट १९७१ पासून बाजारात आलेल्या 'लेझर' वर्गात सांगाडा, शीड, डोलकाठ्या, सुकाणूचे पाते व डॅगरबोर्ड हे मान्यताप्राप्त उत्पादकाचेच असावे लागतात. घरी बनविलेला भाग दर्जाने उत्तम असला तरी तो शर्यतीस अपात्र ठरतो. पूर्वापार वापरातील ऐतिहासिक होड्यांच्या बाबतीत मूळ साहित्याशी प्रामाणिक राहावे की अधिक टिकाऊ साहित्य वापरावे, हा प्रश्न मालकास सोडवावा लागतो.

चाचणी व सुरक्षा

नवा भाग बसविल्यावर प्रथम किनाऱ्यावर तणावे ताणून सांधे तपासतात. त्यानंतर मंद वाऱ्यात, उथळ पाण्यात आणि सोबत दुसरी होडी ठेवून चाचणी घेतली जाते. इपॉक्सीच्या वारंवार स्पर्शाने त्वचेची ॲलर्जी होऊ शकते, तर लाकूड व काचतंतूंची धूळ श्वसनास घातक असते. त्यामुळे हातमोजे व मुखपट्टी वापरणे आवश्यक मानले जाते.

भारतातील संदर्भ

एंटरप्राइज वर्गाचा भारतीय क्रीडा इतिहासाशी निकटचा संबंध आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती मुंबईत झाल्या आणि एंटरप्राइज वर्गात फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक पटकाविले. कोकण किनाऱ्यावरील कडक ऊन आणि पावसाळी दमट हवा यांमुळे येथील होड्यांचे वार्निश लवकर उखडते. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी होडी उलटी करून, हवा खेळती राहील अशा रीतीने झाकून ठेवणे हा नवे भाग दीर्घकाळ टिकविण्याचा सर्वात स्वस्त उपाय ठरतो.