वारा लहान करता येत नाही : खेळातल्या शिडाच्या होड्यांचा इतिहास

मागच्या दोन व्याख्यानांत आपण घड्याळ आणि छापखाना यांच्याविषयी बोललो. आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी आयोजकांकडे चौकशी केली म्हणे, की तत्त्वज्ञानाची पदवी घेतलेले हे गृहस्थ रेडिओवर चालणाऱ्या खेळण्यातल्या होड्यांबद्दल काय सांगणार? शंका रास्त आहे. आमचं उत्तर एवढंच, की सुकाणू कुणाच्या हाती असावं हा प्रश्न तत्त्वज्ञानात फार जुना आहे. प्लेटोने राज्यकारभाराबद्दल बोलताना जहाजाचाच दृष्टान्त घेतला. कठोपनिषदात रथ आहे, सारथी आहे. पण हे दृष्टान्त झाले. ज्या लोकांनी हा प्रश्न हातात पटाशी आणि गोंदाची डबी घेऊन सोडवला, त्यांचा इतिहास आपण सहसा वाचत नाही. आज त्यांच्याकडे जाऊ.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू या, म्हणजे पुढचा गोंधळ टळेल. कपाटात ठेवायची जहाजाची प्रतिकृती वेगळी आणि पाण्यावर शिडाने चालणारी लहान होडी वेगळी. पहिली दिसायला मूळ जहाजासारखी असली की तिचं काम झालं. दुसरी तशी बनवली, तर उलटते. का उलटते, हे समजून घेण्यासारखं आहे.

समजा, दहा मीटर लांबीची खरी बोट आहे. तिची सर्व मापं दहापट कमी करून आपण एक मीटरची होडी बनवली. शिडाचं क्षेत्रफळ शंभरपट कमी झालं, कारण क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी. वजन हजारपट कमी झालं. आता वारा शिडावर दाबतो आणि होडीला कलंडवू पाहतो. ही कलंडवणारी ताकद म्हणजे शिडाचं क्षेत्रफळ गुणिले उंची, म्हणजे ती हजारपट कमी झाली. होडीला सरळ करणारी ताकद म्हणजे वजन गुणिले अंतर, आणि ती कमी झाली दहा हजारपट. बघा कसं झालं : दोन्ही कमी झाल्या, पण सावरणारी जास्त कमी झाली. त्याच वाऱ्यात लहान होडी मोठीपेक्षा दहापट डळमळीत. आपण होडी लहान केली, डोलकाठी लहान केली, शीड लहान केलं. वारा मात्र होता तेवढाच राहिला. तो कुणाला लहान करता येत नाही.

हे मापांचं कोडं गॅलिलिओने १६३८च्या ग्रंथात हाडांच्या आणि तुळयांच्या बाबतीत मांडलं होतं. जहाजांच्या बाबतीत ते नीट हाताळलं विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की इथे, आपल्या घराशेजारी, १८७२च्या सुमारास त्याने एक लांब टाकी उभारली आणि तिच्यात मेणाची जहाजं ओढून पाहिली. त्याचा निष्कर्ष सोप्या भाषेत असा : नमुना पंचवीसपट लहान असेल, तर तो पाचपट कमी वेगाने ओढा, मग त्याच्याभोवतीच्या लाटा खऱ्या जहाजाच्या लाटांसारख्या दिसतील. म्हणजे होडीचा नैसर्गिक वेग तिच्या लांबीच्या वर्गमुळाशी बांधलेला आहे. एक मीटर लांबीच्या होडीसाठी हा हिशेब केला, तर ताशी साडेचार किलोमीटरच्या आसपास उत्तर येतं. हा माणसाच्या चालण्याचा वेग झाला! तळ्याकाठच्या या खेळात माणूस होडीबरोबर काठाने चालत जाऊ शकतो, याचं मूळ इथे आहे. त्याचा पुढे संबंध येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

उलटण्यावर उपाय काय? पोटाखाली एक अरुंद, खोल पातं आणि त्याच्या टोकाला शिशाचा लांबट गोळा. हे इतकं विचित्र दिसतं की पहिल्यांदा पाहणारा हसतो. काही प्रकारांत होडीच्या एकूण वजनाच्या निम्म्याहून जास्त वजन या पात्यात आणि गोळ्यात असतं. कोकणात गलबताच्या तळाशी दगडांचं भरताड टाकत, त्याचंच हे टोक गाठलेलं रूप म्हणा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या केन्सिंग्टन बागेतल्या गोल तळ्यावर प्रौढ, मिशाळ, पोटापाण्याला लागलेली माणसं अशा होड्यांच्या शर्यती लावत होती. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये तळं होतं. सॅन फ्रान्सिस्कोत १९०४मध्ये स्प्रेकल्स नावाचं तळं मुद्दाम याच खेळासाठी बांधलं गेलं. रेडिओ नव्हता. होडी हातातून सोडली की सोडली. मग तिला वळण द्यायचं कुणी?

सुरुवातीला सुकाणूला वजन लावत. होडी कलली की वजन झुकतं आणि सुकाणू वळतं. ओबडधोबड उपाय. मग विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज ब्रेन या इंग्रजाने चांगली युक्ती काढली. वारा पाठीमागून असताना झोत आला, की होडी भरकटून वाऱ्याकडे तोंड फिरवू पाहते. पण त्याच झोताने मोठ्या शिडाची दोरीही जोरात ओढली जाते. ब्रेनने ती दोरी सुकाणूच्या माथ्यावरच्या अर्धचंद्राला बांधली आणि सुकाणू मध्यावर परत आणायला एक रबर लावलं. आता जो झोत होडीला चुकवतो, तोच तिला दुरुस्तही करतो. आम्हाला हे फार आवडतं. नॉर्बर्ट वीनर यांनी १९४७मध्ये ‘सायबरनेटिक्स’ हा शब्द सुकाणूधाऱ्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून घडवला. परिणामाची खबर कारणापर्यंत परत पोचवायची, ही त्या शास्त्राची गाभ्याची कल्पना. ती तळ्याकाठच्या मंडळींनी दोरी आणि रबर घेऊन आधीच अमलात आणली होती. अर्थात त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला नाही.

पुढची पायरी १९३०च्या दशकातली. नॉर्वेच्या सॅम बर्गे यांनी इंग्लंडच्या स्पर्धेत वातपंखाचं सुकाणू आणलं आणि खेळच बदलला. होडीच्या मागच्या टोकाला एक हलका, उभा पंखा. वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा नसतो का काही ठिकाणी, तसा. तो सुकाणूला जोडलेला. सोडण्याआधी पंखा हव्या त्या कोनात लावायचा. होडी भरकटली, तरी पंखा वाऱ्याच्या रेषेतच राहतो, त्यामुळे सुकाणू वळतं आणि होडीला परत आणतं. एक बारीक गोष्ट पाहा : या पंख्याला उत्तर-दक्षिण काही ठाऊक नाही. त्याला फक्त वाऱ्याशी असलेला कोन ठाऊक आहे. वारा फिरला, तर होडीही निमूट फिरते.

शर्यत कशी होई, तेही सांगतो. लांबट आयताकृती तळं. एका वेळी दोन होड्या. वाऱ्याच्या तोंडावर जाण्याची फेरी जिंकली तर तीन गुण, वारा पाठीशी घेऊन येण्याची जिंकली तर दोन. खेळाडू आणि त्याचा जोडीदार दोन्ही काठांनी चालत असत. होडी काठाला आली की काठीने तिला वळवून परत सोडायचं. एवढाच हस्तक्षेप. बाकी सगळा विचार सोडण्याआधी करायचा.

आणि इथे इतिहासाने एक गंमत केली. १९६० साली इंग्लंडच्या प्लिमथपासून न्यूयॉर्कपर्यंत एकट्याने शिडाची बोट नेण्याची पहिली शर्यत ठरली. अटलांटिक महासागर, बोटीवर एकच माणूस. तो झोपणार कधी? सुकाणू कोण धरणार? भाग घेणाऱ्यांत फ्रान्सिस चिचेस्टर होते, वय अठ्ठावन्न. त्यांनी केन्सिंग्टनच्या गोल तळ्यावर जाऊन खेळातल्या होड्यांचे वातपंख निरखले आणि आपल्या ‘जिप्सी मॉथ ३’ या बोटीसाठी तसाच, पण मोठा पंखा बनवला. त्याला नाव दिलं ‘मिरांडा’. चाळीस दिवसांत ते पोचले आणि जिंकले. दुसरे आलेले ब्लाँडी हॅसलर यांनीही स्वतः तयार केलेलं पंख्याचं सुकाणू वापरलं होतं. पाचही स्पर्धक पलीकडे पोचले. नमुना म्हणजे मोठ्या वस्तूची नक्कल, असं आपण धरून चालतो. इथे महासागरावरच्या बोटीने तळ्यावरच्या होडीची नक्कल केली. फ्रूडची टाकी शास्त्रज्ञाची होती. हे तळं रविवारच्या हौशी लोकांचं होतं. आमच्या मते या इतिहासातलं सर्वांत मोलाचं पान हे आहे, आणि ते खेळण्यांच्या खात्यात टाकल्यामुळे सहसा कुणी उघडत नाही.

बरं, रेडिओ. निकोला टेस्ला यांनी १८९८मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विनातार चालणारी होडी लोकांना दाखवली आणि त्याच वर्षी पेटंट घेतलं. ती विजेवर चालणारी होती, शिडाची नव्हे. घरगुती हौशी लोकांच्या हाती रेडिओ आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. पहिल्या संचांत एकच बटण असे : दाबलं की सुकाणू एका बाजूला, सोडलं की मध्यावर, पुन्हा दाबलं की दुसऱ्या बाजूला; आणि ते फिरवायला पीळ दिलेलं रबर. ट्रान्झिस्टर आले, मग सर्व्हो आले आणि हाताने जितकी कांडी हलवावी तितकंच सुकाणू हलू लागलं. शिडाच्या दोऱ्या गुंडाळणारी छोटी विंच आली. १९७०च्या दशकात रेडिओच्या शर्यती जोरात होत्या.

आता सुकाणू पुन्हा माणसाच्या हाती आलं. जुन्या मंडळींना हे रुचलं नाही, आणि त्यांचं म्हणणं आपण हसण्यावारी नेऊ नये. ते असं मांडता येईल : ज्याला नंतर दुरुस्त करता येतं, तो आधी विचार करत नाही. काठावर उभं राहून कांडी हलवणाऱ्याला होडी का भरकटते, हे समजून घ्यायची गरज काय? यात तथ्य आहे. आम्ही चाळीस वर्षं शिकवलं, त्यामुळे खोडरबराचे परिणाम आम्हाला चांगले माहीत आहेत.

पण दुसरा धोका अधिक मोठा होता आणि तो रेडिओतून नव्हे, पैशातून आला. कार्बनचे धागे आले. साच्यातून निघालेली, हलकी, महागडी होडी विकत घेतली की घरी बनवलेली मागे पडू लागली. अमेरिकेतल्या मार्बलहेड गावी १९३०च्या सुमारास रॉय क्लॉ यांनी पन्नास इंच लांबी आणि आठशे चौरस इंच शीड असा साधा नियम केला होता. त्या वर्गाचंही पुढे असंच झालं. जिथे नियम मोकळा, तिथे खिसा जिंकतो. म्हणून १९८८मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने ‘वन मीटर’ नावाचा नवा वर्ग आखला. लांबी जास्तीत जास्त एक मीटर. वजन कमीत कमी चार किलो, म्हणजे हलकेपणासाठी पैसे ओतण्यात अर्थ उरला नाही. होडीच्या अंगाला लाकूड किंवा काचतंतू चालेल, कार्बन नाही. डोलकाठी ॲल्युमिनियमची. वाऱ्यानुसार बदलायचे शिडांचे तीन ठरावीक संच. आणि रेडिओने फक्त दोनच गोष्टी हलवायच्या : सुकाणू आणि शिडाच्या दोऱ्या.

ही शेवटची अट आम्हाला महत्त्वाची वाटते. कारण मग उरलेलं सगळं, म्हणजे डोलकाठी किती मागे झुकवायची, शिडाला पोट किती ठेवायचं, वरच्या भागाला पीळ किती द्यायचा, हे काठावरच हाताने ठरवावं लागतं. होडी सोडली की त्याला हात लावता येत नाही. वातपंखवाल्यांची अर्धी शिस्त अशी नियमाच्या मागच्या दाराने टिकून राहिली.

घरी करायचं झालं तर काय लागतं? आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने गॅलरीत अशी होडी बांधली, तेव्हा आम्ही बाजूला खुर्ची टाकून बसत होतो. प्लायवूडचे आडवे छेद कापून एका फळीवर उलटे उभे करायचे. त्यांच्यावर बाल्सा किंवा सीडरच्या पातळ पट्ट्या एकेक करून चिकटवायच्या. एकदम एका बाजूच्या सगळ्या लावल्या तर होडी वाकते. म्हणून एक डावीकडे, एक उजवीकडे. घासून झाल्यावर काचेचं कापड आणि इपॉक्सी. शिसं ओतायचा साचा प्लास्टरचा असेल, तर तो पूर्ण कोरडा हवा. ओल राहिली की वाफ होऊन उकळतं शिसं अंगावर उडतं, शिवाय धूर विषारी. हे काम उघड्यावर करायचं आणि मुलांना लांब ठेवायचं. शिडं पातळ प्लॅस्टिकच्या फिल्मची. तिचे तुकडे जोडताना कडा किंचित गोलाईत कापायच्या, म्हणजे सपाट फिल्मला पोट येतं. शिंप्याला हे सांगावं लागत नाही.

मग दोऱ्या. विंच एकच आणि शिडं दोन. दोन्ही शिडं सारख्याच कोनात उघडली पाहिजेत, म्हणून प्रत्येक शिडाखालच्या दांड्यावर दोरी खिळीपासून किती अंतरावर बांधायची, ते जुळवावं लागतं. लांबी कमी-जास्त करायला तीन भोकांचं एक छोटं बटण असतं. त्यातून दोरी ओवली की ती ओढल्यावर सरकते आणि सोडल्यावर धरून राहते. तंबूच्या दोरीला असतं, तसंच. सबंध होडीत आम्हाला आवडलेली वस्तू विचाराल तर ती हीच. घरी पातळ प्लॅस्टिकच्या तुकड्यातून दहा मिनिटांत होते.

पाण्यात सोडण्यापूर्वी होडी वाऱ्यात हातात धरून बघतात. रेडिओ मध्यावर ठेवायचा आणि होडी थोडी मोकळी सोडायची. ती आपणहून वाऱ्याकडे तोंड फिरवत असेल, तर डोलकाठी जराशी पुढे. वाऱ्यापासून पळत असेल तर मागे. कांडीला हात न लावता ती बऱ्यापैकी सरळ जाऊ लागेपर्यंत हे चालतं. ज्याला हे जमतं, त्याला शर्यतीत सुकाणू फार कमी हलवावं लागतं, आणि हललेलं प्रत्येक सुकाणू वेग खातं. स्विचचा क्रम मात्र पाळायचा : आधी हातातला ट्रान्समीटर चालू, मग होडी, परत आल्यावर आधी होडी बंद, मग ट्रान्समीटर. आपल्या त्या विद्यार्थ्याने होडी आणली आहे, मागच्या टेबलावर आहे. शिडांना हात लावू नका, बाकी उचलून पाहा, आणि पात्याचा गोळा मुद्दाम हातात घेऊन बघा. आता प्रश्न घेऊ.